रागाची चाचणी

महिपतीने दुसरा ग्लासही संपवला आणि बाहीने तोंड पुसलं. चेअरमन श्रीनिवास आपटे यांनी घड्याळ पाहिलं. "अकरा दहा. साडेअकरापर्यंत बघू."

वाघोलीतल्या त्या सोसायटीचं अर्धं पार्किंग खुर्च्यांनी भरलं होतं. समोर एकट्या खुर्चीवर पंप सांभाळणारा महिपती. जमिनीखालच्या टाकीत तो पांढरी पावडर टाकत असताना आमोदने शुक्रवारी बाल्कनीतून व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर उलगडा झाला. अकरा वर्षं बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केली नाही, तरी एकानेही केस का केली नाही? कारण पाण्यातून डोकं थंड ठेवायचं औषध जातंय. आणि महिपती बिल्डरच्याच वेळचा माणूस.

"टीसीएल पावडर आहे ती," शेफाली म्हणाली. ती एका प्रयोगशाळेत पाणीच तपासायची. "टँकरच्या पाण्यातले जंतू मारायला टाकतात. लाख लिटरला अर्धा किलो. गोणी आपली कमिटीच आणते."

"बिलावर सही माझी आहे," आपटे म्हणाले. "गोणीत काय आहे ते मी चाखून पाहिलेलं नाही."

"नमुना दिलाय मी. सोमवारी रिपोर्ट येईल."

"आणि तोवर आम्ही काय प्यायचं, तुझा रिपोर्ट?" मंदाकिनीकाकूंनी विचारलं.

म्हणून ही चाचणी. टाकीतलं पाणी पिऊनही महिपतीला राग आला, तर पाणी चांगलं आणि त्याची नोकरी शाबूत. नाही आला, तर पंपघराची किल्ली देऊन घरी जायचं.

आमोद पुढे आला. "महिपती, जुन्या मोटारीतली तांब्याची तार तूच विकलीस ना?"

"नाही साहेब. पंपघरात हाय ती."

"चोर आहेस तू."

महिपतीने फरशीकडे पाहिलं. "नाही साहेब."

"आवाज बघा," काकू शेजारणीला म्हणाल्या. "जरासुद्धा चढला नाही."

शेफाली उठून त्याच्या खुर्चीशी गेली. खाली वाकून म्हणाली, "काका, रागवा. नुसतं ओरडा एकदा."

"कुणावर, ताई?"

"त्याच्यावर. चोर म्हणाला ना तो तुम्हाला."

महिपतीने आमोदकडे पाहिलं. गुडघ्यांवरच्या त्याच्या मुठी आवळल्या. मानेची शीर ताठ झाली. त्याने तोंड उघडलं. "साहेब..." तो म्हणाला आणि थांबला. अकरा वर्षं या माणसांशी तो हो आणि नाही, एवढंच बोलत आला होता. मुठी हळूहळू सुटल्या.

"अहो, ते पहिल्यापासून असेच आहेत," शेफाली वळून म्हणाली. "यातून सिद्ध काय होतं?"

"तेच म्हणतोय आम्ही," आपटे म्हणाले. "पहिल्यापासून इथलंच पाणी पितोय तो."

काहीजण हसले. शेफालीने आणखी काही बोलायचा विचार केला. मग ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

साडेअकरा वाजले. आपट्यांनी हात पुढे केला. महिपती उभा राहिला, खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी दिली.

"उद्यापासून यायचं नाही."

"बरं, साहेब. चारला टँकर येईल. तेवढा वॉल्व्ह उघडायला सांगा कुणाला तरी."

मागच्या रांगेतून दबक्या आवाजात कुणीतरी विचारलं, "केवढा डोस असेल हो पाण्यात?"