परदेशी बाईंसाठी सूचना

"व्हिसाची माहिती आधी, सही नंतर," बिर्गिट म्हणाली आणि छापील कागद तिने मारिटेसपुढे सरकवला.

व्हिएन्नातल्या त्या छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत हा नियम ती आता कुणालाच मोडू देत नसे. गेल्या वर्षी एका परदेशी गिऱ्हाइकाला व्हिसाचं सांगायचं राहिलं आणि तो विमानतळावरून परत आला. ग्राहक कायद्याने एजन्सीचे चांगलेच कान उपटले होते.

मारिटेस मूळची फिलिपिन्सची. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या वेनिंगर आजींची काळजी घ्यायला लागून तिला दोन महिने झाले होते. आजींच्या नातीचं लग्न लंडनला, बारा दिवसांवर. दोघींचं विमान, हॉटेल, सगळं इथूनच ठरवायचं होतं.

"ब्रिटनच्या व्हिसाला तीन आठवडे लागतात," बिर्गिट एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "म्हणजे तुम्हाला जाता यायचं नाही."

"कसले तीन आठवडे?" आजींनी कानामागे हात धरला.

"तुम्ही निवांत कॉफी घ्या, आजी. हे यांच्यासाठी आहे."

"घेते की. पाणचट केलीयस पण." आजी व्हिएन्नातल्या ओट्टाक्रिंग भागातल्या जुन्या लोकांसारखं ओढून बोलत.

"मला नाही लागत व्हिसा," मारिटेस म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात."

मारिटेसने पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. ऑस्ट्रियाचा.

बिर्गिटचे कान लाल झाले. मग तिचं तिलाच हसू आलं. "चुकलं माझं. तोंड बघून ठरवलं मी."

"असू दे. रोजचंच आहे."

"मग प्रश्नच मिटला. ऑस्ट्रियाच्या पासपोर्टवर ब्रिटनची प्रवास-परवानगी फोनवरूनच मिळते, दोन दिवसांत. दोघींनाही."

दोघींनी बुकिंगच्या कागदावर सह्या केल्या. आजींनी तर कागद फाटेल इतकी ठसठशीत केली.

"नात म्हणालीय, तू आल्याशिवाय मी चर्चची पायरी चढायची नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याच अंगाखांद्यावर वाढलीय ती."

"मग वेळेवर पोचवते तुम्हाला. आता फक्त नंबर टाकायचे. तुमचा पासपोर्ट, आजी?"

आजींनी रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट काढून दिला. बिर्गिटने तो उघडला. राडमिला वेनिंगर. सर्बिया.

सर्बियाच्या पासपोर्टलाही ब्रिटनचा व्हिसा लागतो. तेच तीन आठवडे.

"आजी," तिचा आवाज खाली आला, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"इथं राहून साठ वर्षं झाली, कुणी विचारलंच नाही, बाई."