खर्ड्याची बंदूक

करडईच्या तेलाचं फडकं बंदुकीच्या नळीवरून फिरवत गहिनीनाथ आबांनी लेकीला विचारलं, भिंग आणलंस का?

वनमाला अंबाजोगाईच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. दोन दिवसांसाठी चकलांब्याला आली होती, दुपारच्या एसटीने परत निघायचं होतं. ती ओट्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. भिंग विसरले म्हणाली.

"ऱ्हाऊ दे मग," आबा म्हणाले. "म्हणलं, एकडाव पुन्हा बघशील."

सहा वर्षांपूर्वी तिने ती बंदूक तासभर पाहिली होती. तोवर सगळं गाव तिला खर्ड्याची बंदूक म्हणायचं. सतराशे पंच्याण्णव सालच्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडे फ्रेंचांनी कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या. त्यांतल्या एका शिपायाच्या हातून आबांच्या खापरपणज्याने ती हिसकावली, असं घरात सांगत आले होते. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत पहिला मान तिचा. आबा ती खांद्याला लावून अख्खी लढाई उभी करत. ऐकणाऱ्यांनी ओटा भरून जाई.

मग तालुक्याचे पुढारी विजयसिंह यांनी बंगल्यात जुन्या हत्यारांचं दालन केलं आणि बंदूक मागितली. मोठा माणूस दारात आला म्हणून आबा हो म्हणून बसले. दिलेला शब्द ते मागे घेत नसत. सोबत द्यायला बंदुकीची माहिती लिहून दे, एवढंच त्यांनी वनमालाला सांगितलं.

तिने काही लिहिलं नाही. विजयसिंहांची गाडी दारात उभी असताना तिने चापाशेजारच्या वाटीवर बोट ठेवलं. बार पेटवायची दारू ठेवतात ती वाटी. ही पितळेची आहे, ती म्हणाली. फ्रान्सच्या सरकारी कारखान्यात ती लोखंडाची घडवत. ही नक्कल आहे, कुण्या बाजारच्या कारागिराने केलेली. नळीवरचे शिक्केसुद्धा मागाहून ठोकलेले.

विजयसिंह हसले. "ठिवा आबा, रानडुकरं हाकायला बरी हाय," म्हणाले आणि रिकाम्या गाडीने परत गेले.

बंदूक घरात राहिली. आबांनी लढाई सांगणं सोडलं. दसऱ्याला ती विळ्या-खुरप्यांच्या मागे जाऊ लागली. पारावर कुणी खर्ड्याचं नाव काढलं, की आबा उठून रानाची वाट धरत.

त्या दुपारी वनमाला एसटीला निघाली तेव्हा आबा फाटकापर्यंत आले. "वने, आमचा खापरपणजा लबाड नव्हता गं," म्हणाले. "त्येलाबी कुणीतरी फसवलं आसंल."

ती काही बोलणार, तोच धाकट्या भावाने, युवराजने, मोटारसायकलला किक मारली. "चल ताई, गाडी चुकंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा विहिरीवर मोटर चालू करायला गेले, तिथेच खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. मेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर ते बोलून टाका, म्हणजे कावळा शिवेल, असं जाणती माणसं म्हणाली. आईने, मंजुळाबाईंनी, हात जोडून सांगितलं की माझा घोर करू नका. युवराजने रान विकणार नाही असा शब्द दिला. विजयसिंहही आले होते; आबांच्या नावाने वेशीत कमान बांधू म्हणाले.

कावळे हलले नाहीत. ऊन वर चढलं. न्हाव्याने दोनदा घड्याळ पाहिलं. म्हाताऱ्याचा जीव कशात गुतलाय कुणाला ठाव, दर्भाचा कावळा करा आता, असं मागून कुणीतरी पुटपुटलं.

वनमाला मघापासून पाण्यापर्यंत जात होती आणि परत येत होती. आता ती विजयसिंहांच्या शेजारून पुढे झाली, पिंडासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आबा, बंदूक खरी हाय. ती घरातनं जाऊ नये म्हणून मी खोटं बोलले."