तिसऱ्या पानावरची नोंद

पेशंटचा थोरला भाऊ काल विमानानं आला होता आणि उद्या परत निघणार होता. तेवढ्यात त्याला धाकट्याच्या मेंदूच्या लहरींचा इथल्या इस्पितळाचा फ्रेंच रिपोर्ट माझ्याकडून इंग्रजीत करून हवा होता. धाकटा तीन आठवडे बेशुद्ध होता, आणि श्वासाचं मशीन ठेवायचं की काढायचं, ते थोरल्याच्या ओळखीचे तिकडचे डॉक्टर हा रिपोर्ट वाचून सांगणार होते. “तीन पानं कशाला? निष्कर्ष पुरे,” तो घड्याळाकडे बघत म्हणाला. “आणि ‘प्रतिसाद अधूनमधून’ कशाला? सरळ ‘प्रतिसाद नाही’ लिहा. अर्थ एकच.” अर्थ एकच म्हणे! बावीस वर्षं हेच काम करतेय मी, आणि हे टिकोजीराव मला अर्थ शिकवणार. “बाई, त्याचे हाल बघवत नाहीत हो आम्हाला.” बघायला आला होतास कधी, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. मी तिसरं पान त्याच्यासमोर सरकवलं. तपासणी करणाऱ्या बाईंनी लहरींच्या कडेला वेळ टाकून नोंदी केल्या होत्या. त्या मी त्याला मराठीतच वाचून दाखवल्या, अर्थाची शंका नको म्हणून. “दहा बेचाळीस: बायकोनं हाक मारली, लहरी बदलल्या. दहा पंचेचाळीस: फरशी पुसणारी बाई गुणगुणली, लहरी बदलल्या. दहा पन्नास: थोरला भाऊ फोनवरून बोलला.” त्यानं घड्याळावरची नजर पहिल्यांदाच उचलली. “इथं मात्र तुमचेच शब्द आहेत,” मी म्हणाले. “‘प्रतिसाद नाही.’ हे अगदी जसंच्या तसं लिहिते.”