चार मिनिटं आधी

पाच चाळीस. पाच छत्तीस. पाच बत्तीस.

डॉक्टरांची चिठ्ठी, नवऱ्यासाठी: मीठ कमी, सिगरेट बंद, जिना नाही. सपाट रस्त्यावर फेरी चालेल.

गच्चीवर पत्र्याचा भोंगा. कमरेइतका उंच, तोंड आभाळाकडे.

लेकीच्या खोलीचं दार, दोन वर्षं ओढून घेतलेलं.

वर गेलेली रेघ खाली येत नव्हती.

बाईंनी खुर्ची संगणकाच्या पडद्याजवळ ओढली. बरोबर चार बाराला रेघ चढायला लागली होती. रोज पाच-सहा मिनिटांत ती चढून उतरायची, वहीत काढलेल्या टेकडीसारखी. आज वर गेली आणि तिथेच थांबली. चार वीस. चार पंचवीस. बाई आनंदाने एकेक मिनिट लिहून घेत होत्या. आज नोंदीचा तेविसावा दिवस होता. तीस दिवस सलग नोंद झाली की पाठवा, मग आम्ही सगळे आपापले भोंगे तिकडे वळवतो, असं ताऱ्यांच्या रेडिओ-लहरी भोंग्याने टिपणाऱ्या छंदी मंडळाच्या मास्तरांनी कबूल केलं होतं.

टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली होती. लेक गेली आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. उठल्या त्या या भोंग्यामुळे. मंडळाचं एक पत्रक कुठून तरी घरात आलं, आणि एका सकाळी त्या पत्रेवाल्याकडे माप घेऊन गेल्या. नवऱ्याने तोंडसुख घेतलं. माणसांचं ऐकून कान किटले नाहीत का, आता आभाळाचं ऐकायचंय, म्हणाला. पण वायर गच्चीवरून खिडकीपर्यंत त्यानेच आणली, आणि तिला कुठे एक पीळ राहू दिला नाही. तो घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजी म्हणत, बाईसुद्धा, रागात असल्या की.

अकरा महिने नुसती खरखर. मधूनच एक उंचवटा दिसायचा, तो शेजारच्या पंपाचा. पंप रोज सहालाच लागतो, म्हणजे तो इथला, बाईंनी नवऱ्याला समजावलं होतं. तारा रोज चार मिनिटं आधी येतो. वेळ सरकली तर समजायचं, पाहुणा वरचा आहे.

"म्हणजे तुझे तारे कचेरीतून रोज चार मिनिटं आधी पळतात," घड्याळजी म्हणाला. "मी असतो तर पगार कापला असता."

यंत्र जिवंत आहे की नाही, हे कसं कळतं, तेही त्याने एकदा विचारलं होतं. बाईंनी भोंग्यावर तळहात धरून दाखवला. आभाळ थंड असतं, माणूस गरम. हात धरला की खाली रेघ चढते, काढला की उतरते.

मग बारा महिने भरायच्या आत पाच चाळीसचा तो पहिला उंचवटा आला. दुसऱ्या दिवशी पाच छत्तीसला. बाई पुन्हा दोन्ही वेळा जेवायला लागल्या. लेकीची जुनी वही काढून तिच्या कोऱ्या पानांवर वेळा लिहायला लागल्या. घड्याळजी संध्याकाळच्या फेरीला हल्ली रोज जरा लवकर निघत होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांची नजर घड्याळावरच असायची, पण दुसऱ्या कारणाने.

चार चाळीसला त्यांनी मास्तरांना फोन लावला. अठ्ठावीस मिनिटं झाली, म्हणाल्या, रेघ अजून वरच आहे, एवढं मोठं काय असेल?

"ताई, आभाळातलं काहीच थांबत नाही," ते म्हणाले. "आलं की सरकतं. वर जाऊन बघा, भोंग्यावर काहीतरी पडलंय."

लिफ्ट गच्चीपर्यंत जात नव्हती. पुढे अठ्ठावीस पायऱ्या होत्या. बाई कठड्याला धरून चढल्या. एखादं प्लॅस्टिक उडून आलं असेल. तेवीस दिवसांवर पाणी पडणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

घड्याळजी भोंग्यावर ओणवा पडला होता. छाती तोंडावर, मान आत, दोन्ही हात बाहेरून लोंबत. आत कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा.

"अहो," बाई म्हणाल्या. मग त्याला हात लावला. मग पुन्हा म्हणाल्या, हळू.

त्याचा हात उचलून त्यांनी नाडी शोधली. ती सापडली नाही. सापडलं ते मनगटावरचं घड्याळ. ते चालू होतं. त्यात सहा वीस झाले होते. बाईंच्या घड्याळात चार बावन्न.

चाळीस वर्षांत त्याचं घड्याळ मिनिटभरही चुकलं नव्हतं. गावाला निघाला तरी आधी घड्याळ लावायचा, मग चपला घालायचा. बाई त्या दोन वेळांकडे बघत राहिल्या. एक तास अठ्ठावीस मिनिटं. अठ्ठ्याऐंशी मिनिटं. बावीस दिवस, रोज चार. त्याने ते उघडून मुद्दाम पळायला लावलं होतं, रोज चार मिनिटं, ना कमी ना जास्त. आभाळाची वेळ रोज सरकत होती, पण त्याच्या त्या घड्याळात ती बावीस दिवस पाच चाळीसच राहिली होती. त्यात रोज पाच चाळीस वाजले की तो खाली रस्त्यावर न जाता इथे येत होता. आधी एक हात धरत असणार, मग दोन्ही, मग वाकत असणार, आणि मग तसाच हळूहळू मागे होत असणार. बाईंनी शिकवलं होतं तसा.

खाली पडद्यावर रेघ वरच होती. त्याला भोंग्यावरून उतरवायला चार माणसं लागणार होती, आणि तोवर ती तिथेच राहणार होती.

पहिल्या उंचवट्याच्या आदल्या दिवशी, जेवताना, बाईंनी त्याला सांगितलं होतं की भोंगा आता बस झाला, भंगारवाला या आठवड्यात येऊन घेऊन जाईल.