पियानोतलं पाणी

दुष्काळात लाकूड सुकून तडकू नये म्हणून कॉलेजच्या पियानोत, खालच्या फळीमागे, मी पाण्याचा वाडगा ठेवायचो. सोमवारी काठोकाठ भरायचो, पुढच्या सोमवारी तो अर्धा झालेला असायचा. अंबाजोगाईत टँकर आठवड्यातून एकदा येत होता, आणि खोली झाडणाऱ्या बायनाबाईंना पियानोपाशी तांब्या घेऊन वाकलेलं मी स्वतः पाहिलं होतं. साखर कारखान्याने बऱ्या दिवसांत कॉलेजला दिलेल्या या पियानोवर वीस वर्षं शिकवता शिकवता मी माझी एकमेव मोठी रचना बांधली होती. सुट्टीनंतर रेडिओवाले ती ध्वनिमुद्रित करायला येणार होते. सुट्टी लागली त्या दिवशी मी वाडगा भरला, खोलीचं कुलूप बदललं आणि किल्ली खिशात टाकली. “कुलूप कावून बदललं, सर?” बायनाबाईंनी विचारलं. “पाण्याला पाय फुटलेत,” मी म्हणालो. त्या झाडू उचलून निघून गेल्या. दोन आठवड्यांनी, सुट्टी संपल्यावर, रेडिओवाल्यांसमोर मी पियानोवर हात ठेवला, तर पहिलाच सूर फुटक्या मडक्यासारखा वाजला. फळी काढून पाहिलं. आतलं लाकूड उभं चिरलं होतं आणि वाडगा कोरडाठाक होता. मी बायनाबाईंना बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, “दुसरी किल्ली कुणाकडे आहे?” त्यांनी वाकून वाडगा उचलला आणि पदराने पुसला. “किल्ली न्हाई कुनाकडं,” त्या म्हणाल्या. “तुमचं पानी तीन दिसांत आटायचं, सर. मी रोज घरून अर्धा तांब्या आणून वतायची.”