एकच पातळ हात

आईच्या उपचारांसाठी इस्पितळात खेपा घालता घालता गाडी मुलीचीच झाली होती. आईला तेवढंच बरं वाटावं म्हणून तिनं डॅशबोर्डच्या राखाडी पट्ट्यांवर सोलून काढता येणारा निळा रंग फवारला. आई त्यावरून बोट फिरवत बसायची. आई गेल्यावर वडील म्हणाले, "गाडी आता दादाला देतोय. ती निळी थेरं काढून टाक." टोक उचलताच रंग सालीसारखा निघाला. महिन्याभरात दादा तसलाच, पण लाल स्प्रे घेऊन आला. "हौस आहे पोराला," वडील कौतुकानं म्हणाले. "तुझा हात बसलाय, तूच मारून दे." तिनं पट्ट्यांभोवती कागद चिकटवले. हा रंग सलग निघायला जाड थर लागतात. पातळ थर नखांनी खरवडावा लागतो. तिनं एकच पातळ हात मारला. "नंतर काढता येतो ना?" दादानं विचारलं. "येतो की," ती म्हणाली.