मोहर

सासूबाईंनी मोहरांची जुनी चांदीची डबी बायकांना कौतुकानं दाखवली आणि खट्कन मिटून कमरेला खोचली. "पणजोबांच्या वेळची आहे हो. मुलगा झाला की उघडू. आमच्याकडे मोहर मुलाच्याच बारशाला निघते."

पाळण्यात माझी बारा दिवसांची लेक जांभई देत होती. एवढासा जीव, आणि आल्याआल्याच कमी पडला होता. ठरलेलं नाव मी तिथंच रद्द केलं आणि नणंदेच्या कानात नवं सांगितलं.

वन्सं चाळिशीच्या. "माझ्याही बारशाला ती मिटलेलीच राहिली होती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

आत्यानं नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं. वन्संनी ते अख्ख्या आळीला ऐकवलं. "कुर्रर्र... मोहर!"

लेक दचकली. तिची इवली मूठ मी माझ्या मुठीत धरली. "निघाली बघा, आई, मुलीच्या बारशाला."

रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत बायकांचे धपाटे पडू लागले. त्यांत सासूबाईंचा चांगलाच जोरात बसला.

"अजून एक घाल ना, आई," वन्सं हसत म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा नाव घेते."